फुटून निघालेल्यांचा राष्ट्राध्यक्ष

दोन माणसांची कारकीर्द शेजारी शेजारी मांडून पाहा. पहिला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा पदवीधर. सात वर्षं लष्करात नोकरी, मेक्सिकोविरुद्धच्या युद्धात रेजिमेंटचा कर्नल, पायात गोळी लागूनही मैदान न सोडलेला. पुढे प्रतिनिधिगृहात, मग सिनेटमध्ये आणि चार वर्षं देशाचा युद्धमंत्री. दुसऱ्याचं सगळं शालेय शिक्षण मिळून वर्षभराचंही नाही. लष्करी अनुभव म्हणजे हंगामी शिबंदीतले तीनेक महिने. त्यात आपण लढलो ते डासांशीच, अशी थट्टा तो स्वतःच करायचा. प्रतिनिधिगृहात एक मुदत, सिनेटच्या वाटेवर पराभव, बाकी बरंचसं आयुष्य वकिलीत.

१८६१ साली हे दोघे युद्धात एकमेकांसमोर उभे राहिले. पहिला जेफरसन डेव्हिस, अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या ‘कॉन्फेडरसी’चा राष्ट्राध्यक्ष. दुसरा अब्राहम लिंकन. दोघेही केंटकीचे, जन्मात अंतर फक्त आठ महिन्यांचं. चार वर्षांनी, कागदावर कितीतरी लायक दिसणारा डेव्हिस कैदेत होता आणि त्याचं राज्य नकाशावरून पुसलं गेलं होतं.

उत्तरेकडे माणसं जास्त, कारखाने जास्त, हे याचं नेहमीचं उत्तर. ते खोटं नाही. उत्तरेत सुमारे २ कोटी २० लाख लोक, दक्षिणेत ९० लाख, आणि त्यातले ३५ लाख गुलाम. पण इंग्रजांविरुद्ध उठलेल्या मूळच्या १३ वसाहतीही दुबळ्याच होत्या. तरी त्या जिंकल्या. दक्षिणेला तर उत्तर जिंकायचीही नव्हती, समोरचा कंटाळेपर्यंत तग धरला तरी पुरे होतं. तेवढंही का जमलं नाही, हे समजायचं तर डेव्हिसच्या लष्करी गुणांपेक्षा त्याच्या वाट्याला आलेल्या राज्याची घडण पाहावी लागते.

मळेवाला, शिपाई, मंत्री

डेव्हिसचा जन्म ३ जून १८०८चा. घरचे लोक लवकरच मिसिसिपीत गेले. तिथे त्याचा थोरला भाऊ जोसेफ पुढे कापसाच्या लागवडीवर गबर झाला. धाकट्यानं १८२८ मध्ये वेस्ट पॉइंट पूर्ण केलं. ३३ जणांत नंबर तेविसावा. १८३२च्या ब्लॅक हॉक युद्धानंतर पराभूत आदिवासी नेता ब्लॅक हॉक याला कैदेत पोहोचवण्याचं काम या तरुण अधिकाऱ्याकडे आलं. १८३५ मध्ये त्यानं नोकरी सोडली आणि आपल्या वरिष्ठाच्या, झॅकरी टेलरच्या मुलीशी लग्न केलं. तीन महिन्यांत ती तापानं गेली. पुढची दहाएक वर्षं डेव्हिस नदीकाठच्या आपल्या ‘ब्रायरफील्ड’ मळ्यावर जवळजवळ एकांतात राहिला. मळ्यावर राबणारे सगळे गुलाम होते. १८६०पर्यंत त्यांची संख्या शंभराच्या वर गेली.

१८४५ मध्ये तो दुसऱ्यांदा बोहल्यावर चढला आणि त्याच वर्षी प्रतिनिधिगृहात पोहोचला. वर्षभरात मेक्सिकोशी युद्ध पेटलं, तेव्हा जागा सोडून तो मिसिसिपीच्या स्वयंसेवक रेजिमेंटचा कर्नल झाला. फेब्रुवारी १८४७ मध्ये ब्वेना व्हिस्टाच्या लढाईत त्यानं आपली माणसं आणि इंडियानाची एक तुकडी पाचरीसारख्या दोन तिरक्या रांगांत उभी केली, उघडं तोंड शत्रूकडे. मेक्सिकन घोडेस्वार त्या तोंडात शिरले आणि दोन्ही बाजूंच्या गोळीबारात सापडले. या एका दिवसानं डेव्हिस राष्ट्रीय वीर झाला. आपल्याला युद्ध कळतं ही त्याची खात्रीही इथलीच, आणि ती पुढे त्याला महागात पडली.

याच सुमारास राष्ट्राध्यक्ष पोक यांनी त्याला ब्रिगेडियर जनरलचं पद देऊ केलं. डेव्हिसनं ते नाकारलं. कारण असं, की स्वयंसेवक दळातले अधिकारी नेमायचा अधिकार राज्यघटनेनं राज्यांना दिला आहे, केंद्राला नाही. बढती नाकारून तत्त्व सांभाळणारा हा माणूस चौदा वर्षांनी स्वतः ‘केंद्र’ होणार होता.

१८५३ ते १८५७ तो युद्धमंत्री होता आणि चांगला मंत्री होता. त्यानं सैन्यात चार नव्या रेजिमेंट आणल्या, आटे पाडलेल्या नळीच्या बंदुका स्वीकारल्या, पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत रेल्वे कुठून न्यावी याची पाहणी करवली. टेक्सासच्या कोरड्या मुलखात सामान वाहायला त्यानं भूमध्य समुद्रापलीकडून उंट मागवले. १८५६ मध्ये ३४ उंटांची पहिली खेप बोटीतून उतरली. म्हणजे संघराज्याच्या तिजोरीतून मोठी कामं कशी करायची, हे त्याला नीट ठाऊक होतं.

चौकट : तारखांमध्ये डेव्हिस

- १८०८ – केंटकीत जन्म
- १८२८ – वेस्ट पॉइंटची पदवी
- १८४६–४७ – मेक्सिको युद्ध. माँटेरे आणि ब्वेना व्हिस्टाच्या लढाया
- १८५३–५७ – अमेरिकेचा युद्धमंत्री
- २१ जानेवारी १८६१ – सिनेटचा निरोप
- १८ फेब्रुवारी १८६१ – माँटगमरी इथे कॉन्फेडरसीचा हंगामी अध्यक्ष म्हणून शपथ
- १० मे १८६५ – जॉर्जियात अटक
- मे १८६७ – जामिनावर सुटका
- ६ डिसेंबर १८८९ – न्यू ऑर्लिन्स इथे मृत्यू

फुटायचं कशासाठी?

फुटीमागची कायदेशीर मांडणी अशी होती : संघराज्य हा राज्यांनी आपसात केलेला करार आहे. एका बाजूनं करार मोडला, तर दुसरी बाजू बाहेर पडायला मोकळी. डेव्हिसचा या मांडणीवर विश्वास होता. पण लगेच बाहेर पडावं असं मात्र त्याचं मत नव्हतं. युद्ध होईल आणि ते लांबेल, हे त्याला इतरांपेक्षा आधी दिसत होतं.

करार मोडला म्हणजे नेमकं काय मोडलं? नोव्हेंबर १८६०च्या निवडणुकीत लिंकन जिंकला. नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू द्यायची नाही, हा त्याच्या पक्षाचा कार्यक्रम होता. २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना बाहेर पडलं, ९ जानेवारीला मिसिसिपी. फेब्रुवारीपर्यंत सात राज्यं झाली आणि युद्ध सुरू झाल्यावर आणखी चार. मिसिसिपीनं आपली कारणं जाहीरनाम्यात लिहून ठेवली आहेत, आणि गुलामगिरीशी आपलं हित पूर्णपणे बांधलेलं आहे हे त्यात सुरुवातीलाच येतं. नव्या राज्याचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी मार्च १८६१च्या भाषणात गोऱ्या-काळ्यांची असमानता हीच आमच्या राज्याची कोनशिला आहे, असं उघड सांगितलं.

‘राज्यांचे हक्क’ ही भाषाही सोयीनं वापरली जात होती. पळून आलेले गुलाम उत्तरेकडच्या राज्यांना परत करायला लावणारा १८५०चा कायदा म्हणजे केंद्राची जबरदस्तीच होती, आणि ती दक्षिणेला हवी होती. नव्या प्रदेशांत गुलामांच्या मालकांना केंद्रानं संरक्षण द्यावं, ही मागणी १८६० मध्ये सिनेटमध्ये खुद्द डेव्हिसनंच मांडली होती.

सभासदांना बांधून कोण ठेवणार?

समजा, एका मोठ्या गृहनिर्माण सोसायटीतल्या काही सभासदांचं कमिटीशी वाजलं आणि त्यांनी वेगळी सोसायटी काढली. नव्या सोसायटीचा पहिला नियम : कुणाच्या फ्लॅटमध्ये कमिटी नाक खुपसणार नाही. पहिल्या पावसात गच्ची गळते, पंप जळतो आणि नव्या चेअरमनला दारोदार वर्गणी मागत फिरावं लागतं. जो तो म्हणतो, ‘याचसाठी तर आम्ही जुनी सोसायटी सोडली.’ चेअरमन कडक वागला तर तो जुन्या कमिटीसारखा ठरतो. नाही वागला तर गच्ची गळतच राहते.

डेव्हिसची अडचण हीच होती. कॉन्फेडरसीची घटना बरीचशी जुन्या अमेरिकन घटनेवरून उतरवलेली होती, पण प्रत्येक राज्य सार्वभौम असल्याचं तिच्या प्रास्ताविकातच घातलं होतं. उद्योगांना संरक्षण देणारी जकात आणि केंद्राच्या पैशानं रस्ते-कालव्यांसारखी कामं तिनं अडवली. सर्वोच्च न्यायालयाची तरतूद होती, पण ते न्यायालय कधी बसलंच नाही; राज्यांवर असं न्यायालय असावं की नाही, यावरच एकमत होईना. एका बाबतीत मात्र घटना ठाम होती : गुलामांवरची मालकी कमी करणारा कायदा करता येणार नाही.

सैन्य कुणाचं?

सुरुवातीला उत्साहानं आलेल्या स्वयंसेवकांची मुदत वर्षभराची होती. १८६२च्या वसंतात ती संपत आली आणि सैन्य घरी जाण्याची वेळ आली. एप्रिल १८६२ मध्ये डेव्हिसनं सक्तीच्या भरतीचा कायदा करवला. १८ ते ३५ वयाचे गोरे पुरुष सैन्यात. अमेरिकेच्या भूमीवर देशभर लागू झालेली ही पहिली सक्तीची भरती, आणि ती केली केंद्राच्या अधिकाराविरुद्ध उठलेल्या राज्यानं.

जॉर्जियाचे गव्हर्नर जोसेफ ब्राउन यांनी आरडाओरडा केला आणि पळवाटही शोधली. राज्याच्या शिबंदीतल्या अधिकाऱ्यांना भरतीतून सूट होती, म्हणून त्यांनी हजारोंच्या संख्येनं माणसांना अधिकारी करून टाकलं. नॉर्थ कॅरोलायनाचे गव्हर्नर झेब्युलन व्हॅन्स आपल्या राज्यात तयार झालेले गणवेश आधी आपल्याच सैनिकांना मिळावेत म्हणून अडून राहिले. उपाध्यक्ष स्टीव्हन्स तर राजधानी रिचमंड सोडून महिनोन् महिने जॉर्जियात बसत आणि तिथून आपल्याच अध्यक्षाला हुकूमशहा म्हणत.

कायद्यातल्या एका सवलतीनं गरीब शेतकरी बिथरले. ऑक्टोबर १८६२च्या दुरुस्तीनं वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यावर एका गोऱ्या पुरुषाला भरतीतून सूट दिली. गुलामांवर पहारा हवा, हा त्यामागचा हिशोब. पण ज्याच्याकडे एकही गुलाम नाही अशा शिपायाला त्यातून एवढंच कळलं, की युद्ध श्रीमंतांचं आणि मरण आपलं.

नोटांचा पूर

युद्धाला पैसा तीन वाटांनी येतो : कर, कर्ज आणि छापखाना. कर बसवायला केंद्राकडे बळ हवं. १८६१ मध्ये कॉन्फेडरसीनं छोटासा कर लावला, तर बहुतेक राज्यांनी तो लोकांकडून वसूल न करता कर्ज काढून किंवा स्वतःच्या नोटा छापून भरला. उरला छापखाना. निम्म्याहून जास्त खर्च नोटा छापूनच भागवला गेला. माल तेवढाच, नोटा मात्र वाढत्या. त्यामुळे युद्ध संपेपर्यंत किमती सुमारे नव्वदपट झाल्या. नोटा उत्तरेनंही छापल्या, पण तिथे प्राप्तिकर होता आणि रोखे घेणाऱ्या बँका होत्या. तिथल्या किमती दुपटीच्या आतच राहिल्या.

२ एप्रिल १८६३ रोजी रिचमंडच्या रस्त्यावर बायका उतरल्या. भाकरीची मागणी करत त्यांनी दुकानं फोडली. असं सांगतात, की डेव्हिस स्वतः तिथे गेला, एका गाडीवर चढला, खिशातली नाणी गर्दीत फेकली, मग घड्याळ काढून म्हणाला की पाच मिनिटांत पांगला नाहीत तर गोळीबार होईल. गर्दी पांगली. नोटांची किंमत मात्र घसरतच राहिली. त्याच महिन्यात सरकारनं शेतमालाचा दहावा हिस्सा थेट धान्याच्या रूपात घ्यायला सुरुवात केली. म्हणजे सरकारचा स्वतःच्याच नोटांवर भरवसा उरला नव्हता.

कापसाचा डाव आणि मुंबईचा बाजार

डेव्हिसच्या हातातला हुकमाचा पत्ता म्हणजे कापूस. इंग्लंडमधल्या लँकशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून जाई. तो अडवला की गिरण्या बंद पडतील, कामगार रस्त्यावर येतील आणि इंग्लंडला आपल्या बाजूनं यावंच लागेल, असा हिशोब होता. कायदा न करताच मळेवाल्यांनी १८६१ मध्ये कापूस रोखून धरला.

हिशोब तीन जागी चुकला. आधीच्या मोठ्या पिकांमुळे इंग्लंडच्या गोदामांत साठा भरपूर होता, त्यामुळे झटका उशिरा बसला. उत्तरेचं आरमार अजून दुबळं असताना कापूस पाठवून बंदुका आणायची जी संधी होती, ती दक्षिणेनं स्वतःच घालवली. नाकेबंदी आवळल्यावर कापूस पाठवायचा म्हटलं तरी जमेना. आणि तिसरं म्हणजे इंग्लंडला दुसरे विकणारे मिळाले : इजिप्त आणि मुंबई.

वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातचा आखूड धाग्याचा कापूस लँकशायरच्या कामगारांना मुळीच आवडत नसे, सूत सारखं तुटे. पण दुसरा मिळत नव्हता. कापसाचे भाव चढले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद या दलालाच्या पाठोपाठ सारं शहर शेअरच्या मागे लागलं; बॅक बे भरून जमीन काढायच्या कंपनीचे शेअर दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी विकले गेले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण गेल्यावर कापसाचा भाव कोसळला आणि १ जुलै १८६५च्या हिशोबाच्या दिवशी मुंबईचा बाजार बसला. राजाबाई टॉवरला प्रेमचंदनी दिलेली देणगी याच तेजीच्या काळातल्या कमाईची.

घरचा सेनापती

या रचनेत एखादा लवचिक, माणसं जोडणारा नेता कदाचित आणखी तगला असता. डेव्हिस तसा नव्हता. त्याला मुळात सैन्याची कमान हवी होती. अध्यक्षपदाची तार ब्रायरफील्डच्या गुलाबबागेत मिळाली तेव्हा त्याचा चेहरा इतका उतरला, की घरात काही अशुभ घडलं असावं असं पत्नी व्हरिनाला वाटलं. अध्यक्ष झाल्यावर तो युद्धखातं जवळजवळ स्वतःच चालवू लागला. हंगामी धरून सहा युद्धमंत्री चार वर्षांत येऊन गेले.

१८६१ मध्ये पूर्ण जनरलांची यादी निघाली, त्यात जोसेफ जॉन्स्टनचं नाव चौथं आलं. आपण पहिलं असायला हवं होतं, असं त्यानं लांबलचक पत्र लिहून कळवलं. डेव्हिसनं दोन-तीन वाक्यांत उत्तर धाडलं : तुमचे मुद्दे एकतर्फी आहेत आणि आरोप निराधार. दोघांचं पुन्हा कधी जमलं नाही. जुलै १८६४ मध्ये उत्तरेचं सैन्य अटलांटाच्या दारात असताना डेव्हिसनं जॉन्स्टनला काढून आक्रमक हूडला नेमलं. २ सप्टेंबरला अटलांटा पडलं आणि नोव्हेंबरची निवडणूक हरायच्या बेतात असलेला लिंकन जिंकला. लिंकननंही सेनापती बदलले, पण ग्रँट मिळाल्यावर मार्च १८६४ मध्ये सगळी सूत्रं त्याच्याकडे दिली. लीला सगळ्या सैन्यांचं प्रमुखपद १८६५ उजाडल्यावरच मिळालं. तेव्हा सैन्यंच फारशी उरली नव्हती.

कोनशिलाच सरकली

राज्य ज्यांच्या श्रमावर उभं होतं त्यांनाच ते पडायला हवं होतं, हा सगळ्यात खोल दोष. उत्तरेचं सैन्य जिथे पोहोचे तिथले गुलाम मळे सोडून त्याच्याकडे जात. शेतावरचे हात कमी होत आणि समोरच्या सैन्यात वाढत. सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेकडून लढले. उत्तरेचं सैन्य जवळ आलं की गुलाम हातचे जाणार, म्हणून प्रत्येक गव्हर्नरला आपल्या किनाऱ्यावर फौज हवी असे, आणि डेव्हिसला फौज एकवटणं कठीण जाई.

डेव्हिसच्या घरीही हेच झालं. १८६२ मध्ये उत्तरेच्या बोटी नदीतून वर आल्या, जोसेफ पळाला आणि बऱ्याच गुलामांनी त्याच्याबरोबर जायला नकार दिला. युद्धानंतर जोसेफनं आपला आणि भावाचा असे दोन्ही मळे विकले ते बेंजामिन माँटगमरी याला. तो एके काळी जोसेफचाच गुलाम होता. किंमत ठरली ३ लाख डॉलर.

मार्च १८६५ मध्ये अखेरचा उपाय म्हणून कॉन्फेडरसीनं कृष्णवर्णीयांना सैन्यात घ्यायचा कायदा केला. जॉर्जियाच्या हॉवेल कॉब यांनी आधीच बजावलं होतं : गुलाम चांगले सैनिक ठरले, तर गुलामगिरीबद्दलचा आपला सगळा सिद्धान्तच खोटा. म्हणजे राज्य वाचवायला आधी राज्यांची सार्वभौमता मोडली, आता गुलामगिरीही मोडायची वेळ आली. ज्यासाठी फुटून निघायचं, तेच सोडल्याशिवाय टिकता येत नव्हतं. २ एप्रिलला रिचमंड सोडावं लागलं आणि १० मेला डेव्हिस पकडला गेला. अटकेच्या वेळी अंगावर पत्नीची शाल होती. उत्तरेच्या व्यंगचित्रकारांनी त्याला घागरा नेसवला.

खटला का चालला नाही?

फोर्ट मन्रोच्या किल्ल्यात दोन वर्षं काढल्यावर त्याला १ लाख डॉलरच्या जामिनावर सोडलं. जामीन राहणाऱ्यांत गुलामगिरीविरोधी संपादक होरेस ग्रीली होता. देशद्रोहाचा आरोप होता, पण खटला उभा राहिलाच नाही.

गुन्हा जिथे घडला तिथल्याच ज्यूरीपुढे खटला चालवावा लागतो, म्हणजे व्हर्जिनियात. तिथे बारापैकी एक ज्यूरर अडला तरी शिक्षा नाही. शिवाय बचाव ठरलेला होता : मिसिसिपी बाहेर पडल्यावर मी अमेरिकेचा नागरिकच नव्हतो, मग देशद्रोह कसला? डेव्हिस सुटला असता तर रणांगणावर मोडलेली फूट कोर्टात कायदेशीर ठरली असती. सरकारनं तो धोका पत्करला नाही. २५ डिसेंबर १८६८ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सरसकट माफी दिली. १८६९ मध्ये टेक्सासच्या एका वेगळ्याच, रोख्यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की कुठल्याही राज्याला एकतर्फी बाहेर पडता येत नाही.

सुटका झाल्यावर डेव्हिसनं दोन जाड खंड लिहून १८८१ मध्ये प्रसिद्ध केले. गुलामगिरी हे युद्धाचं कारण नव्हतं, निमित्त होतं, असं त्यात त्यानं मांडलं, आणि दक्षिणेत ही मांडणी शंभरेक वर्षं पाठ्यपुस्तकांत आणि पुतळ्यांत टिकली. रिचमंडमधला त्याचा १९०७चा पुतळा जून २०२० मध्ये निदर्शकांनी पाडला. पण कारण ओळखायला एवढा काळ लागायची गरज नव्हती. डेव्हिसच्या खंडांच्या आठ वर्षं आधी, १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी कष्ट घेतले त्यांना अर्पण केलं होतं. युद्ध कशासाठी झालं, हे त्यांना पुण्यात बसून समजलं होतं.